तीनशे सतरा एकडे

मुळशी,
४ फेब्रुवारी १९७९

आदरणीय भिकाजीदादा यांस,

मुळशीहून तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा जयभीम. मुठा गावची मंडळी खुशाल असतील. तुमचा गुडघा पायऱ्या चढू देतो की अजून अडवतो, तेही कळवावे. माझी प्रकृती ठणठणीत आहे, फक्त तोंड बंद आहे. (दात शाबूत आहेत, काळजी नसावी.)

झाले असे, की एका मासिकात वाचले: तीनशे सतरा एकडे (१, १, १ असे) एकापुढे एक मांडले की जो आकडा होतो, तो मूळ संख्या आहे हे गणितज्ञांनी नुकतेच सिद्ध केले. म्हणजे एक आणि तो स्वतः सोडून त्याला कशानेही निःशेष भाग जात नाही. मी वाचता वाचता उभाच राहिलो. तीन एकडे सदतिसाने तुटतात, पाच एक्केचाळीसाने तुटतात. आणि हे तीनशे सतरा खांद्याला खांदा लावून उभे, ना कुणी नऊ ना कुणी शून्य, आणि जगातली कुठलीही सत्ता त्यांच्यात फूट पाडू शकत नाही! समतेचा याहून पक्का पुरावा कुठल्या ग्रंथात आहे?

मी स्वतः शिडीवर चढून विहाराच्या भिंतीवर निळ्या रंगात तो आकडा काढला. सव्वीस जानेवारीला त्याच भिंतीपुढच्या चौथऱ्यावरून दीड तास बोललो, आणि जोर चढला की माझे काय होते ते तुम्ही जाणता. गरजलो, की याला कुणी भागून दाखवावे, मी वर्षभर या चौथऱ्यावर पाय ठेवणार नाही.

मागे म्हसू धनगर उभा होता. तो मेंढरे जोडीजोडीने मोजतो. माझे भाषण होईतो त्याने भिंत मोजली. (वेळ भरपूर होता.) शांतपणे म्हणाला, "जयवंतराव, जोड्या लावल्या. येक बी सुटा ऱ्हायला न्हाई. मंग समदे अकराच झाले की. अकरानं भागा."

सभेने मोजले, मी मोजले. तीनशे अठरा. शिडीवर असताना चहा आला होता, तेव्हाच मोजणी चुकली असणार. एकजुटीत एक वाढला आणि एकजूटच मोडली, हे कुठल्या तत्त्वज्ञानात बसवू? पण शब्द दिला तो दिला. बुद्धपौर्णिमेला यंदा ग्रामसेवक बोलणार आहेत, तेही कागदात बघून. एकोणीस वर्षांत माझी एक पौर्णिमा चुकलेली नाही, दादा. हे ऐकत मी खाली बसणार कसा?

आपला,
जयवंत

ता. क. शपथेचे शब्द नीट आठवून पाहिले. ती या चौथऱ्यापुरती होती, मुठ्याचा त्यात उल्लेख नाही. तुमच्याकडे वक्ता ठरला नसेल तर मी सकाळच्या एसटीने येईन. गणित काढणार नाही.

ता. क. दादा, पत्र पेटीत टाकाय माझ्याकडं दिलंय म्हनून हितं लिवते. रातच्या वर्गात शिकले. शेवटचा एकडा ह्यांचा न्हाई, माझा हाय. येक जरी कमीजास्त झाला तर फुटंल, आसं हेच रोज सांगायचे, आन् चौथऱ्याची पैज तर दरसाल लावत्यात. म्हनलं, वरीसभर गप बसतील. पन चौथरा सुटला तवापास्नं समदी भाषनं चुलीपुढं हुत्यात. काल दोन भाकरी करपल्या. बोलव बाबा त्यास्नी. जमलं तर आठ दिस ठिवून घे. — फुला