कुंकू लागलेली चकती

१ ऑक्टोबर १९९५, सिरसाळा
आले एकदाची! मुंबईपासून चिपची डबी मांडीवरून खाली ठेवली नाही. नखाएवढा तुकडा, त्यावर माझ्या चौसष्ट चकत्या — एकेक केसाहून बारीक, इवल्या खांबावर उभी. कडेनं उजेड गरगर फिरतो आणि लेसर पेटतो. पण मेला सांडतो चहूकडे! कामाचा व्हायचा तर एका बाजूनं निघायला हवा. म्हणून प्रत्येकीशेजारी उजेडाला वाट कोरलीय. सहा तारखेला हैदराबादच्या प्रयोगशाळेत मोजणी. माझे गाईड सर स्पष्टच म्हणाले, "या वेळी नाही जमलं, तर फेलोशिप संपली."
अप्पांनी डबीत डोकावून विचारलं, "एवढुसं? मंग दुकानात विकायचं कसं, तोळ्यावर?"

३ ऑक्टोबर, दसरा
घात झाला! अप्पांनी तराजू, मापं, फोनसुद्धा पूजेला मांडला. आईनं माझी डबी उघडली. "लेकीचं हत्यार हाय. नुसत्या डबीला लावून काय उपेग?" — आणि चिपवर हळदीकुंकवाचं बोट. चांगलं दाबून!!
किंचाळले. नको ते बोलले. "तुला कळतं काय त्यातलं?" आई उठून आत गेली. सणाचं ताट तसंच राहिलं तिचं.

४ ऑक्टोबर
पुसायची सोय नाही, खांब मोडतील. नेलपॉलिश काढायच्या पाण्यात बुडवली — दुकानात बाटली होती, नशीब! हळद गेली, कुंकवाचे कण हट्टी. अप्पा भिंग लावून म्हणतात, "मला तर चकतीच दिसंना. काहून रडतीस?" हसूच फुटलं.
आईशी अजून बोलले नाही. लई वाईट वागतेय मी.

५ ऑक्टोबर
परळीहून गाडी. आईनं धपाटे बांधून दिले. डबीकडं बघितलंसुद्धा नाही.

६ ऑक्टोबर, हैदराबाद
मोजणी करणारे सुग्रीवराव निघाले आमच्याच जिल्ह्यातल्या गेवराईचे! कुंकू बघून म्हणाले, "पूजा झाली वाटतं, ताई!"
साठ मेलेल्या. तीन पेटल्या, पण उजेड चहूकडेच — वाटेत टिपूससुद्धा नाही. म्हणजे कुंकू नसतं तरी माझी युक्ती फसलेलीच होती! आईवर उगाच ओरडले.
राहिली एक. सुग्रीवराव ओरडले, "ताई, पळत या!" उजेड सरळ वाटेत! पेटायला करंटही फार लागला नाही. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं — वाटेच्या बाजूनं कडेचा टवका उडालेला, उजेड तिथूनच बाहेर पडतोय. आईचं बोट!
सरांना सांगू का, टवका मी विचार करून पाडला? कोण विचारतंय!

७ ऑक्टोबर
सरांना फोनवर खरं तेच सांगितलं. त्यांनी टवक्याचं माप विचारलं. मग म्हणाले, "सगळ्या चकत्यांना तशी खाच पाडा. फेलोशिपचं मी बघतो."
लगेच घरी फोन लावला. "आई, चुकलं माझं. तुझ्या बोटानंच जमलं गं!" तिला रडू आवरेना. मग नाक पुसून म्हणाली, "मंग दिवाळीला बाकीच्या बी घिऊन ये."