गारांनंतरचा भाव

बाबा, मागच्या महिन्यात इथं कारखान्यात मी तुमचीच गोष्ट सांगितली, तुमचं नाव न घेता, अन् ती कामी आली. तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटून राहिलं. तुम्ही गेल्याला बरीच वर्षं झाली. पांढुर्ण्याच्या मंडीत आता तुमच्या जागी दुसरेच दलाल दुपट्ट्याखाली हात घालून, बोटं दाबून संत्र्याचे भाव ठरवत असतील. मी शाळा सोडली, मग नागपूर, मग भोपाळ, आता दिल्लीच्याही पुढं. याआधी कुठंच वर्षभर टिकलो नाही.

इथं मी रबराच्या प्रेसवर आहे. मोटारीच्या बुडाशी धक्के सोसायला रबराचे तुकडे असतात, ते आम्ही बनवतो. मालक पंजाबी, आणि गिऱ्हाईक एकच: जपानी भागीदारीतला मोठा मोटार कारखाना. सुरुवातीलाच आमचा सगळा माल तडे गेले म्हणून परत आला. त्या कारखान्याचा खरेदीचा साहेब आपल्याच देशातला. तो मालकाला म्हणाला, "तुम्हारे जैसे तीन बाहर खड़े हैं, सस्ते में देंगे." आपल्याकडे धंदा असाच चालते. तिघांना दारात उभं करायचं अन् एकमेकांशी भिडवायचं. त्याच्यासोबत एक जपानी साहेब होता. दुसऱ्या दिवशी तो दुभाष्या घेऊन आला, बाह्या वर केल्या आणि प्रेससमोर उकिडवा बसला. बरेच दिवस येत राहिला. आमच्यासोबत पराठे खायचा, मिरची लागली की नाक पुसायचा. साचा कुठं नीट तापत नाही ते त्यानं आम्हालाच शोधायला लावलं. दुभाष्या सांगे, त्यांच्या देशात लहान कारखान्याला एकदा धरलं की सोडत नाहीत, शिकवून घेतात. मला तुम्ही आठवले.

तो गारांचा दिवस. मोहगावच्या बागेत आपण उभे आहोत, अर्धी संत्री चिखलात, उरलेल्यांवर डाग. दिल्लीचा व्यापारी जीपकडं चाललाय. तुम्ही त्याला बळंच शेतकऱ्याच्या ओसरीवर बसवता, भाकर-पिठलं वाढायला लावता. मग म्हणता, "भाव पाडा, शेटजी, पण बाग सोडू नका. डागी माल बी उचला. पुढचे तीन बहार हा दुसऱ्या कोणाले बाग देनार नाही." शेतकरी चिडून म्हणतो, "माह्या बागेचं लग्नच लावून देऊन राहिले का तुमी?" तुम्ही म्हणता, "हो, अन् हुंडा बी तुलेच द्या लागते." व्यापाऱ्याला हसू आलं. दुपट्ट्याखाली हात गेले ते बराच वेळ बाहेर निघाले नाहीत; निघाले तेव्हा सौदा ठरला होता. परतताना मी तणतणलो, "याले काय धंदा म्हनते का, बाबा? जो जास्त देईल त्याले द्या ना!" तुम्ही सायकल थांबवली. "जास्त देनारा रोज भेटते रे. गारा पडल्यावर थांबनारा आनून दाखव मले." मला तेव्हा तुम्ही जुन्या काळातले वाटले होते.

यंदा तोच जपानी साहेब पुन्हा आला. या वेळी तो उकिडवा बसला नाही. दुभाष्याकरवी म्हणाला, त्यांचा पैसा महाग झाला, तिथं माल बनवणं परवडेना, त्यांच्याच देशातले लहान कारखाने बंद पडून राहिले, कामं थायलंडला चालली. आम्ही भाव खूप उतरवला नाही तर आम्ही बनवतो तो मालही तिकडूनच येईल. बोलताना तो मालकाकडं पाहत नव्हता. अन् गंमत पाहा, बाबा, खरेदीचा आपला साहेब उलट म्हणाला, "इनको सिखाने में हमने इतनी मेहनत की, अब छोड़ दें?" जणू दोघांनी एकमेकांचे सदरे घातले होते. दोन्ही देशांचे धंदे एकमेकांचं पाहून बदलून राहिले, असं मला तेव्हा दिसलं.

ऑर्डर गेली असती तर आमच्या सगळ्यांच्या चुली गेल्या असत्या. मग मीच बोललो. मोडक्या हिंदीत गारांची गोष्ट सांगितली, डागी माल, पुढचे बहार, लग्न, सगळं. म्हटलं, भाव उतरवू, पण दोन वर्षं माल आमच्याचकडून घ्या. मालकानंही मान डोलावली. दुभाष्यानं लग्नाचं सांगितलं तेव्हा जपानी साहेब पहिल्यांदा हसला. वरच्यांना विचारून सांगतो म्हणाला. काही दिवसांनी उत्तर घेऊन आला. दोन नाही, एक वर्ष. पण एक अट: शिकलेली माणसं टिकली पाहिजेत. प्रेसवरच्यांकडं बोट करून त्यानं दुभाष्याकरवी विचारलं, "ये लोग रहेंगे?"

सगळ्यांनी माझ्याकडंच पाहिलं. मालक पुटपुटला, "ये तो भगोड़ा है." मी म्हणालो, "रहूँगा."

बाबा, तुम्ही मला बाग दिली नाही, दुकान दिलं नाही. पण त्या ओसरीवर मला बसवून घेतलं, याचे उपकार मानायला मला इतक्या दूर यावं लागलं. हा कागद पेटीत ठेवून देईन. आईलाही दाखवणार नाही, कारण दुबईच्या नोकरीचं माझं जवळपास जमलं होतं, अन् ते मी सोडलं, हे तिला कळेल. इथं सगळे मला शाबासकी देऊन राहिले. खरं सांगतो, पळायची भीती मला कधीच वाटली नव्हती. थांबायची वाटून राहिली आहे.