वा, सुंदर

प्रिय ताई,

माझं बायपास झाल्यापासून मी रोज फिरते की नाही, हे तपासायला तू नागपूरहून फोटो मागायचीस. सारसबाग असो की पर्वती, तुझं उत्तर ठरलेलं: "पमे, जागा बरी आहे, मधे आलेला अंगठा काढ."

महिनाभर मात्र नुसतं "वा, सुंदर" येत होतं. काल मी मुद्दाम अर्धा फोटो अंगठ्यानं झाकून पाठवला. तरी "वा, सुंदर." मग तुझ्या जावयाला फोन केला, तर अभय रडायलाच लागला. तू महिन्यापूर्वीच गेलीस. मला धक्का नको म्हणून तुझी लेक मैत्री तुझ्या फोनवरून लिहीत होती.

मला कळलंय हे तिला सांगू नकोस, असं अभयला बजावलंय. आज कमला नेहरू पार्कचा फोटो पाठवला. तुझ्या नावानं लिहिताना तेवढा वेळ तिलाही आई मिळत असेल.

तुझीच,
पमी