तीन चांगल्या गोष्टी

॥ श्री ॥

द्वारका, नवी दिल्ली
२ जुलै १९९८

ती. उत्तराताईस,
सुधन्वाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. ताई, राग मानू नकोस, पण दोन पानं नुसतं रडगाणं! अण्णांचा खोकला, अण्णांना झोप नाही, अण्णा दिवसातून दहादा दाराशी जाऊन माझी वाट बघतात, 'एकदा त्याला डोळे भरून बघू दे' म्हणतात. वाचून माझा अख्खा रविवार फुकट गेला. मी सध्या व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गाला जातो. माणूस रोजच्या छोट्या सवयींनी घडतो, असं तिथे शिकवतात. तेव्हा आजपासून नियम: पत्रात फक्त तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या. तार करायची नाही, मागच्या तारेनं वीणाचं बीपी वाढलं. ऑफिसात फोन तर बिल्कुल नको. घरी अजून लाइन आलेली नाही, पाणीसुद्धा टँकरनं येतं, पण आम्ही दोघं कधी कुरकुर करतो का?

अण्णांना सांग, सकाळी उठल्याबरोबर आरशापुढे उभं राहून मोठ्यांदा म्हणायचं, 'मी ठणठणीत आहे.' एकवीस दिवसांत फरक पडतो. अर्धं दुखणं मनाचंच असतं यार. दिवाळीत मी येतोच आहे.

लोभ आहेच, तो तक्रारी वगळून वाढावा.

तुझा धाकटा,
सुधन्वा

*

कराड
२२ जुलै १९९८

चि. सुधन्वा,

नियमाप्रमाणे लिहिते.

अण्णांचा खोकला थांबला. कालपासून अजिबात नाही.

आता ते दाराशी जात नाहीत. तुझी वाटही बघत नाहीत.

चौदा दिवस रोज आरशापुढे उभे राहिले. पुढे उभं राहवेना, तर मी आरसा कॉटवर धरला. म्हणायचे, "हे म्हटलं की तो लवकर येईल ना गं?"

तिसरी गोष्ट सापडली नाही. सापडली की कळवीन.

उत्तरा

*

॥ श्री ॥

द्वारका
२८ जुलै १९९८

ती. ताईस सा. न. वि. वि.

शाब्बास! बघितलंस? एकवीससुद्धा लागले नाहीत, चौदा दिवसांत खोकला पळाला! तुझं पत्र मी वर्गात वाचून दाखवलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एक मात्र सांगतो. मास्तरीण असून वर श्री घालायला विसरलीस, आशीर्वादही नाहीत. अशा बारीकसारीक गोष्टींकडे लक्ष दे, सुधारणा तिथूनच सुरू होते. अण्णांसाठी मरून रंगाचा स्वेटर घेतलाय, दिवाळीत आणतो.

तिसरी चांगली गोष्ट शोध, तो तुझा गृहपाठ! मायेत खंड नसावा.

सुधन्वा

*

कराड
३ ऑगस्ट १९९८

सुधन्वा,

श्री विसरले नव्हते.

आई गेली तेव्हा तू मॅट्रिकला होतास. चाळीस कार्डं तुझ्याच हातानं लिहिलीस. मरणाच्या पत्रावर श्री घालत नाहीत, हे तेव्हा मीच तुला शिकवलं होतं. अण्णा २१ जुलैला गेले. अग्नी मी दिला. मुरलीधरच्या एसटीडी बूथवरून तुझ्या ऑफिसला फोन करता आला असता. केला नाही. म्हटलं, बघू तरी माझ्या भावाला कळतं का. दुष्टपणा केला, कबूल. पण टाळ्या, मेल्या?

दहाव्याला कावळा शिवेना. तासभर पावसात उभे होतो. गुरुजी म्हणाले, कसली इच्छा राहिली असेल ती बोला. मी हात जोडून म्हटलं, अण्णा, सुधन्वा दिवाळीत येतोय. लगेच शिवला. म्हणजे गेल्यावरही आपण त्यांना फसवलंच.

गृहपाठ केला आहे. तिसरी चांगली गोष्ट: तुझं हे टाळ्यांचं पत्र आलं, तेव्हा ते ऐकायला अण्णा नव्हते.

उत्तरा