थोरली शांत, धाकटी बोलकी

ताइपेई,
१४ नोव्हेंबर

प्रिय यी-फांगताई,

तिकडे उत्तरेचा वारा सुरू झाला असेल. कालवं फोडताना रबरी हातमोज्यांच्या आत सुती मोजे घालतेस ना? आणि आई गुडघ्याला मलम लावून घेते, की "मला काय झालंय?" म्हणून उठून जाते? मी बरी आहे. खोली लहान आहे, पण खिडकीत ऊन येतं.

फोनवर तू कामाचं विचारलंस तेव्हा "छान चाललंय" म्हणून मी मोकळी झाले. तेव्हा तसं छान नव्हतं.

गावात अजून हसतात ना, रस्सीखेचीच्या मुलींना मानसशास्त्रवाली कशाला हवी म्हणून? झालं असं, की मी मुलींची स्वभावचाचणी घेतली आणि आमच्या कोच हुआंगबाईंनी तिचा निकाल पंचांगासारखा भिंतीवर लावला. वान-लिन नावाची एक बुटकी, अबोल मुलगी आहे. लढाऊपणात तिचा नंबर शेवटचा.

"हिला काढा," हुआंगबाई म्हणाल्या. "निवड स्पर्धेला मला वाघिणी हव्यात. समोरचीनं डोळे वटारले की ही स्वतःच्या बुटांकडे बघते."

"चाचणी एवढंच सांगते की ती चारचौघांत पुढे होत नाही. दोर हातात आल्यावर काय करेल, ते त्यात नाही," मी म्हटलं.

"मग माझ्या मावशीच्या देवळातला कौल काय वाईट? तो फुकट तरी मिळतो!"

मुली खिदळल्या. मलाही हसू आलं आणि रागही. चाचणी तर मीच आणली होती.

ताई, आमच्या विषयात हा जुनाच वाद आहे. काही म्हणतात, स्वभाव हाडासारखा पक्का असतो. तो मोजा आणि खेळाडू निवडा. काही म्हणतात, भोवतालच माणसाला घडवतो. मला पटतं ते तिसऱ्यांचं. माणूस कुठे उभा आहे हे पाहिल्याशिवाय तो कसा आहे ते सांगू नये. आईच बघ ना. बाजारात भाव सांगते तेव्हा तिचा आवाज धक्क्यापलीकडे जातो, आणि माझ्या पदवीदानाला आली तेव्हा मोरी कुठे आहे एवढंसुद्धा तिनं कुणाला विचारलं नाही.

वान-लिन बुटकी म्हणून पहिल्या जागेवर असायची, प्रतिस्पर्ध्यांच्या अगदी नजरेसमोर. मी म्हटलं, "तिला चौथी उभी करा. तिथून फक्त मैत्रिणीची मान दिसते."

"आणि हरलो तर?"

"तर मला काढा." हे माझ्या तोंडून कसं निघालं, कोण जाणे.

शनिवारी शेजारच्या शाळेशी सरावाचा सामना झाला. दोन्हीकडच्या मुली मागे रेललेल्या, आणि दोर जागचा हलेना. अशा वेळी कुणीतरी धीर सोडून हिसका देतं आणि सगळ्यांचेच पाय सुटतात. आमच्या वाघिणी नेहमी तेच करायच्या. तिसरीचे खांदे वळवळायला लागले, तोच मागून वान-लिन दातओठ खात म्हणाली, "हललीस तर बघ!" तिसरी इतकी दचकली की हलायचंच विसरली. शेवटी हिसका समोरच्यांनीच दिला, आणि आमच्या मुलींनी त्यांना ओढून आणलं. दुसरी खेच हरलो. तिसरी जिंकलो.

हुआंगबाईंनी घाम पुसला. "निवड स्पर्धेपर्यंत ठेवते तिला," त्या म्हणाल्या. "आणि तुलाही."

इथेच पत्र पुरं करणार होते. पण मी हे सांगायला बसलेच नव्हते.

चंद्रोत्सवाला अंगणात शेगडीवर कालवं भाजत होतो तेव्हा तू गावच्या शाळेतल्या संध्याकाळच्या वर्गांचं विचारलंस. आई हसून म्हणाली, "आता? आमची थोरली शांत, धाकटी बोलकी. शाळा हिच्या स्वभावातच नाही." तू वाट्या उचलून आत गेलीस.

मी लहान असल्यापासून ते वाक्य ऐकतेय. त्याच एका वाक्यावर तू शाळा सोडून कालवांच्या राशीपुढे बसलीस आणि मी बसमध्ये बसून शहरात आले. कॉलेजात पहिलं सबंध वर्ष मी वर्गात तोंड उघडलं नाही, ताई. तुला कधी सांगितलं नाही, कारण मला बोलकी म्हणून पाठवलं होतं. वान-लिनला निदान चाचणी तरी मिळाली. तुला कुणी एक प्रश्नसुद्धा विचारला नव्हता.

मी त्या शाळेत फोन केला. नवे वर्ग फेब्रुवारीत सुरू होतात, वयाची अट नाही. तुझं नाव देणार होते, पण फोनवरच्या बाई म्हणाल्या, "बहिणीला यायचंय का?" आणि मी फोन ठेवून दिला. तुझ्या वतीनं मीही ठरवायला निघाले होते.

म्हणून विचारते. तुला जायचं आहे का? हो म्हणालीस तर आईशी मी बोलेन, आणि रविवारी येऊन तुझ्या वाटची कालवं फोडेन. हात कापले तर हसू नकोस. नाही म्हणालीस तरी चालेल. फक्त ते तू म्हण.

तुझं उत्तर ऐकायला थांबलेली,
तुझी धाकटी,
यी-ल्युन