खवट सॉस आणि आईचं उलथणं

तीर्थरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार (गुडघे धरलेत, तेव्हा खुर्चीतूनच घातलाय असं समज). भावोजींचा खोकला थांबला असेल. नसेल तर त्यांना सांग, आधी बिड्या थांबतात, मग खोकला. आई गेल्यावर भांडी वाटताना तू लाकडी चाटू उचललास आणि लोखंडी उलथणं माझ्या गळ्यात मारलंस, त्यावरून बारा वर्षं आपण धड बोललो नाही. ते उकरायला हे पत्र नाही. चौथी शिकलेल्या बाईकडेही लिहायला दुसरे विषय असतात.

आमच्या कारखान्यात पावाला लावायचा पांढरा सॉस होतो, तुला ठाऊक आहे. माझं काम, यंत्र जी पातेल्याची कड सोडतं ती खरवडायची आणि बाटल्यांचा वास घ्यायचा. गेले सहा महिने सॉस आठ दिवसांत बिघडतोय. मी पहिल्याच बाटलीला म्हटलं, खवट. मालकांना पटलं नाही, कारण मी ते एका शब्दात सांगितलं. मग एक टकलू साहेब आणला. त्यांनी तेच तीन पानांत लिहून दिलं, तेव्हा पटलं. साहेब सारखा चष्मा पुसतात आणि मी न विचारता मला समजावतात. म्हणे सॉसमध्ये तेलाचे बारीक थेंब पाण्यात तरंगत असतात, आणि नासायला सुरुवात होते ती थेंबाच्या कातडीवर, तेल नि पाणी जिथे टेकतात तिथे. म्हणून तिथे पहारा बसवायचा. पहिलं औषध घातलं ते पाण्यात विरघळणारं. ते पाण्यातच भटकत बसलं, थेंबाकडे फिरकलंच नाही. (आमचा वॉचमनही चहाच्या टपरीवरूनच गेट राखतो, त्याच्यावर कोणी पानं लिहिली नाहीत.) दुसरं औषध तेलाच्या ओढीचं. ते बरोबर थेंबाच्या कडेला जाऊन बसलं आणि सॉस बारा दिवस टिकला. साहेब असे फुलले, जसे काही थेंबावर स्वतःच बसून आले. तेराव्या दिवशी मी झाकण उघडलं. खवट.

मग साहेब लोखंडाच्या मागे लागले. पाण्यात लोखंडाचे कण असले की ते नासवायला चिथावणी देतात म्हणे. त्यांचे हात धरून ठेवणारी एक पूड घातली, तीही पुरली नाही. मालकांनी बजावलं, शनिवारच्या बाटलीला वास आला तर साहेबांनी सोमवारी यायची तसदी घेऊ नये. मी मनात म्हटलं, चला, कानाला आराम. साहेबांनी नळ, पाइप, स्क्रू सगळं तपासलं आणि शेवटी माझ्यासमोर येऊन बसले.

"मावशी, एवढं लोखंड येतंय तरी कुठून?"

मी म्हटलं, मला काय विचारता, मी चौथी शिकलेली.

बाकी ठीक. पोरांना माझ्याकडून एकेक धपाटा.

तुझी धाकटी

ता. क. सोबतच्या पार्सलात आईचं उलथणं आहे. कारखान्याचं प्लास्टिकचं खेळण्यातलं वाटतं, म्हणून सहा महिने मी हेच वापरतेय. काम झालं की व्हिनेगरच्या पिंपात उभं करते. सकाळी असं लखलखीत निघायचं की मला वाटायचं, माझ्या हाताला गुण आहे. व्हिनेगर लोखंड खातं आणि तेच व्हिनेगर सॉसमध्ये जातं, हे आता कळलं. कोणी विचारलंच तर सांग, बारा वर्षं तुझ्याकडेच आहे.

ता. क. दुसरा. पार्सल रद्द. आज शनिवारची बाटलीही खवट निघाली आणि दुपारी साहेब आपली कपबशी कागदात गुंडाळत होते. एवढी पुस्तकं वाचलेला माणूस, पण बशी गुंडाळली आणि कप तसाच पिशवीत टाकला. बघवेना. उलथणं त्यांच्या टेबलावर आपटलं आणि पिंपाकडे बोट केलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग मालकांना जाऊन सांगितलं, लोखंड सापडलं, पिंपात एक जुना तुकडा पडला होता. तुकडा कोणाचा ते बोलले नाहीत. नव्या सॉससाठी साहेबांना पंधरा दिवस मिळालेत. आता कड खरवडायला माझ्याकडे धड काही नाही, तेव्हा लाकडी चाटू लगेच पाठव. वाटणीच्या वेळी तू चांगली वस्तू निवडलीस. हे लिहिलंय तेवढंच, तोंडाने म्हणणार नाही.