भरलेलं कपाट आणि तुमचं कुलूप

ती. आत्या यांस,

नमस्कार. (दरवेळचा साष्टांग या पत्रात नाही. वाकायला पाठीची हरकत नाही, रागाची आहे.) आधी काय घडलं ते क्रमाने लिहिते, म्हणजे पुढे रागाच्या भरात काही मागेपुढे झालं तर तुम्हाला ताडून पाहता येईल.

१. मंगळवारी नदीला पाणी चढलं आणि पूल बंद झाला. दुकानं त्याच दिवशी रिकामी झाली.
२. घरातलं रोजचं सामान बुधवारी संपलं.
३. मागच्या खोलीत, नेमकं अशा वेळेसाठी भरलेलं एक कपाट होतं.
४. कपाटाला तुमचं कुलूप होतं.
५. किल्ली तुमच्या पर्समध्ये, तुमच्या गावी होती.
६. शुक्रवारी त्याच कपाटासमोर बाबांना चक्कर आली.

आता विचारपूस. तुमचा डोळा कसा आहे? थेंब वेळेवर घालता ना? उन्हात काळा चष्मा लावता की पर्समध्येच ठेवता? हे सगळं मी मनापासून विचारते आहे. माणसावर संताप आला म्हणून त्याच्या डोळ्याची काळजी थांबत नाही, असं या आठवड्यात माझ्या लक्षात आलं, आणि त्याचाही मला थोडा राग आला.

कपाटाची हकीकत तुम्हाला अर्धीच माहीत आहे, म्हणून उरलेली सांगते. मागच्या पुराच्या वेळी पूल बंद झाला तेव्हा बाबा बेकरीच्या रांगेत सकाळभर उभे राहिले आणि मेणबत्त्या घेऊन घरी आले. पाव संपले होते, आणि इतका वेळ उभं राहून हात हलवत परत यायचं त्यांना बरं वाटेना. त्या रात्री आम्ही तिघांनी भरपूर उजेडात फारच थोडं खाल्लं. दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की घरात पंधरा दिवसांचं अन्न असलं पाहिजे. शीतगृहात तापमापकं आणि आर्द्रतामापकं तपासणं हे माझं काम. हजारो पोती आणि खोकी कशी टिकतात हे मी रोज पाहते, तेव्हा तीन माणसांचं अन्न मला टिकवता येऊ नये हे काही खरं नाही. अडचण एकच, पैशांची. एकरकमी सामान भरावं अशी आपली ऐपत नाही. म्हणून दर पगाराला एकच जिन्नस जादा घ्यायचा, तोही घरात एरवी खाल्ला जातो तोच. (पूर आला म्हणून माणसाला न आवडणारं आवडायला लागत नाही. घाऊक दुकानात स्वस्त मिळणारे ओटचे डबे मी तीनदा हातात घेऊन परत ठेवले ते याचमुळे.) तांदूळ घेतला तो कणीचा. पोट तेवढंच भरतं आणि भाव उतरलेला असतो. पोचे आलेले हवाबंद डबे दुकानदार स्वस्तात देतो. बाजूला पोचा असेल तर डबा चालतो, शिवणीवर असेल किंवा झाकण फुगलेलं असेल तर फुकट दिला तरी घ्यायचा नाही. दुकानदार मला "डबेवाल्या डॉक्टरीणबाई" म्हणतो. त्याला हसायला मी कधी बंदी केली नाही, फक्त फुगलेला डबा आधी बाजूला काढायला लावते.

बरण्या कॅन्टीनमधून मागून आणल्या. धुऊन, उन्हात कडक वाळवून, झाकण लावून प्रत्येक बरणी बादलीत बुडवायची. बुडबुडा आला तर झाकण गळतं. हे काम बाबांनी आपणहून घेतलं. बादलीशेजारी स्टुलावर बसून ते एकेक बरणी पाण्याखाली धरत आणि "पास" किंवा "नापास" सांगत. नापास बरणीबद्दल त्यांना इतकं वाईट वाटे की ते तिला आणखी एक संधी देत. मग कडधान्य, शेंगदाणे, दूध पावडर, साखर, मीठ, सगळ्यांवर चिठ्ठ्या: काय आहे, कधी भरलं, कधीपर्यंत खायचं. चूल न पेटवता खाता येईल ते खालच्या फळीवर. नवं मागे, जुनं पुढे, आणि पुढचं वापरलं की मागे भर. यात काही फार हुशारी नाही. फक्त तिघांनी एकच नियम पाळायचा होता.

आईने पाळला नाही. आईच्या मते आणीबाणी म्हणजे दारात उभं असलेलं कुणीही. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंकडे पाहुणे आले, ही आणीबाणी. त्यांच्या यजमानांचं दुकान आठवडाभर बंद, ही मोठी आणीबाणी. पोस्टमनला ऊन लागलं, तर साखरपाणी द्यायला साखर आणीबाणीतलीच, कारण ती हाताशी. मी विचारलं तेव्हा तिचं उत्तर तयार होतं: कपाट उघडं असलं की तोंडातून नाही निघत नाही. (बंद असतं तरी निघालं नसतं, हे मी तिच्याबरोबर काढलेल्या सव्वीस वर्षांच्या अनुभवावरून सांगते.)

मग तुम्ही डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आलात. मला जे चार महिने दिसलं नव्हतं ते तुम्हाला एका डोळ्याने चार दिवसांत दिसलं: पुढची रांग भरलेली आणि मागे नुसती फळी. आई दर वेळी मागचं पुढे ओढून ठेवत होती. तुम्ही तिला बोललात, ती म्हणाली, "वन्सं, लोकांच्या पोटाला नको का?" आणि त्याच संध्याकाळी तुम्ही डोळ्याला पट्टी असताना बाजारात जाऊन कुलूप आणलंत. साधं आणलं असतंत तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण तुम्ही बँकेच्या तिजोरीला शोभेल असं आणलंत. जायच्या दिवशी रिक्षा दारात उभी असताना मी किल्ल्यांचं विचारलं. तुम्ही म्हणालात, एक माझ्याकडे राहू दे, दुसरी सुरक्षित जागी आहे. मी म्हटलं कुठे, तेवढ्यात रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला आणि तुम्ही त्याला शिस्त लावायला निघून गेलात.

पूल बंद झाला तेव्हा मी पलीकडे, शीतगृहात. (माझ्या भोवती टनावारी अन्न होतं आणि त्यातला एक वाटाणाही माझा नव्हता.) रोज फोन करत होते, रोज बाबा सांगत होते की सगळं ठीक आहे. आई फोनवर येऊन म्हणे, "तू तुझं बघ." ठीक काय होतं ते आता ऐका. पहिल्या दिवशी आईने कुलूप तोडायचं म्हटलं. बाबा म्हणाले, ताईचं कुलूप आहे. दुसऱ्या दिवशी शिंप्याने हातोडी आणून दिली. बाबांनी त्याला चहा विचारला (दूध नव्हतं), हातोडी कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाले, ताईला न विचारता कसं तोडायचं? म्हणून गुरुवारी त्यांनी तुम्हाला फोन केला. तो फोन तुम्हाला आठवत असेल. त्यांनी तुमच्या डोळ्याबद्दल विचारलं, तुमच्या गच्चीच्या गळतीबद्दल विचारलं, आणि शेवटी म्हणाले, "ताई, कुलूप छान आहे हं." तुम्ही म्हणालात, "आहेच. दुकानदार म्हणाला, घणाने तुटणार नाही." बाबांनी फोन ठेवला आणि आईला सांगितलं की ताईशी बोलणं झालं.

मला तुमचा राग कुठे आला ते नेमकं सांगते. कुलूप आणल्याचा नाही. किल्ली नेल्याचा थोडा आहे. खरा राग याचा आहे की तुमचा साठी ओलांडलेला भाऊ तुमच्यासमोर "आम्हाला भूक लागली आहे" एवढं वाक्य बोलू शकत नाही, आणि हे तुम्हाला साठ वर्षं माहीत असून तुम्ही त्याला एकदाही विचारलं नाहीत की बाबा रे, जेवलास का? गच्चीबद्दल मात्र दहा मिनिटं बोललात.

शिंपीणकाकू एक ताट पाठवत होत्या. एकच, कारण त्यांच्याकडेही तेवढंच होतं. त्या ताटाचं आमच्या घरात काय झालं ते मला दोघांची वेगवेगळी जबानी घेऊन कळलं. आई म्हणे, माझं खाऊन झालं, हे तुमचं. बाबा म्हणत, मी आत्ताच खाल्लं, तू घे. ताट स्वयंपाकघरातून बाहेर आणि बाहेरून स्वयंपाकघरात फिरत राही. शेवटी दोघं दोन दोन घास खात आणि उरलेलं झाकून ठेवत, दुसऱ्यासाठी. बाबांनी मधुमेहाची गोळी मात्र एकदाही चुकवली नाही, कारण गोळी चुकवायची नाही असं मी बजावलं होतं. गोळीबरोबर जेवायचं असतं हेही बजावलं होतं. ते त्यांनी सोयीने वगळलं. शुक्रवारी दुपारी ते कपाटासमोर स्टुलावर बसले होते, घाम फुटला आणि खाली कोसळले. आई धावत शिंपीणकाकूंकडे गेली आणि काकू साखर घेऊन आल्या. साखर माझ्या बरणीतली होती. वर माझ्याच अक्षरातली चिठ्ठी, तारखेसकट. आईने कधीतरी दिलेली.

मी तासाभराने पोचले. पुलाच्या दुरुस्तीवाल्यांनी त्यांच्या गाडीतून मला अलीकडे सोडलं होतं. बाबा भिंतीला टेकून बसले होते, रंग उडालेला, आणि मला पाहून म्हणाले, "आलीस? जेवलीस का?" मी त्यांची नाडी पाहिली. आई बोलली. म्हणाली, "बघ, मी साठवलं ते लोकांच्या घरात. तिथे कुलूप नसतं." या विधानाशी मी सहमत नाही. दिलं किती आणि परत आलं किती याचा हिशोब मांडला तर ते टिकणार नाही. पण साखर होती तिथे होती आणि बाबा बसून बोलत होते, तेव्हा मी हिशोब मांडला नाही. हातोडीला मात्र हात लावला. बाबांनी भिंतीला टेकूनच मान हलवली. नाही. ताईचं कुलूप.

म्हणून मी पेचकस आणला. कपाट जुनं, लाकडी, बिजागऱ्या बाहेरून. प्रत्येकीचे चार स्क्रू. दार उलट्या बाजूने निघालं आणि तुमच्या कुलपाला लटकून राहिलं. बाबांनी ते नीट निरखलं आणि पहिल्यांदा हसले. "कुलूप शाबूत आहे," म्हणाले. (हाच उपाय दोघांना मंगळवारी का सुचला नाही असं मी विचारणार होते. पण घरात पेचकस कुठे असतो हे फक्त मला माहीत आहे, आणि ते मी कुणाला सांगितलेलं नाही, कारण बाबा त्याने बरण्यांची झाकणं उघडतात.) आत सगळं जसंच्या तसं होतं. दूध पावडर, शेंगदाणे, डबे. आणि दुसऱ्या फळीवर, मिठाच्या बरणीमागे, तुमच्या रुमालात बांधलेली दुसरी किल्ली.

सुरक्षित जागी. आत्या, मी यंत्रांच्या चुका शोधते, तो माझा पोटापाण्याचा धंदा आहे. कुलपाची किल्ली त्याच कुलपाच्या आत ठेवण्याची चूक एकाही यंत्राने अजून केलेली नाही. रुमालाला गाठ मात्र पक्की होती. सोडवायला मला दात लावावे लागले.

पूल रविवारी उघडला. बाबा आता बरे आहेत, डॉक्टर पाहून गेले. माझा राग अजून उतरलेला नाही, तो कुणावर किती हेही अजून नीट वाटून झालेलं नाही, पण मोठा वाटा तुमचा आहे. तुम्ही मोठ्या आहात, त्यामुळे तो तुम्हाला झेपेल.

तुमची,
भाची

ता. क. बाबांना हे पत्र दाखवलेलं नाही. मी तुम्हाला लिहिते आहे एवढं त्यांना कळलं. त्यांनी निरोप सांगितला आहे: ताईला लिही की काही त्रास झाला नाही.

ता. क. आणखी एक. शुक्रवारी मी कपाटातलं काढून भात आणि वाटाणे शिजवले. बाबांनी ताट पुन्हा आईकडे सरकवलं. मी रागावले, डॉक्टरांचं नाव घेतलं, आकडे सांगितले. आई रडली. ताट जागचं हललं नाही. शेवटी मी म्हटलं, "आत्याचा फोन आला होता. म्हणाली, त्याला सांग, ताट पुसून खायचं." असा फोन आला नव्हता. त्यांनी विचारलं, "ताई असं म्हणाली?" मी हो म्हटलं. त्यांनी ताट पुसून खाल्लं. शनिवारीही मला तुमच्या नावाने खोटं बोलावं लागलं, रविवारीही. तुमच्या नावावर आजपर्यंत पाच जेवणं झाली आहेत.

ता. क. आणि ज्यासाठी खरं म्हणजे कागद हातात घेतला ते. कंपनी मला एक तारखेपासून सहा महिने दुसऱ्या राज्यातल्या नव्या शीतगृहावर पाठवते आहे. नाही म्हटलं तर ही नोकरी टिकेल असं वाटत नाही, आणि घर त्याच पगारावर चालतं. कपाट मी पुन्हा भरून जाईन, पण भरलेल्या कपाटासमोर माणूस उपाशी बसू शकतो हे मी पाहिलं आहे. फोनवरून मी तुमच्या नावाने किती दिवस खोटं बोलणार? ते सहा महिने तुम्ही इथे येऊन राहा. आईला नाही म्हणणारं माणूस लागतं आणि बाबांना खा म्हणणारं. दोन्ही कामं घरात तुमच्याशिवाय कुणाला जमत नाहीत. खिडकीजवळची खाट तुमची. येणार की नाही, ते वीस तारखेपर्यंत कळवा.